तेरहून धक्क्यापर्यंत : शिडाच्या जहाजामागे पाच दिवस

शुक्रवार, 29 नोव्हेंबर 2024. तेर, धाराशिव, रात्रीची गाडी

निघायच्या वेळेला आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पिशवीची चेन तुटली. नवी पिशवी आणायला वेळ नव्हता. आबा आत गेले, खुंटीवरचा अंबाडीचा जुना दोर काढला, पिशवीला दोन वेढे दिले आणि गाठ मारली. "आता मुंबईपातूर काय होत न्हाई," म्हणाले.

तो दोर त्यांनीच वळलेला. आमच्याकडं अंबाडी आता भाजीपुरती उरली आहे. माझ्या लहानपणी ज्वारीच्या कडेनं अंबाडीचे तास असायचे. काढणीनंतर पेंढ्या पाण्यात कुजवायच्या, वाख सोलून काढायचा, वाळवायचा आणि मग रिकाम्या दुपारी ओसरीवर बसून दोर वळायचे. दावी, कासरे, नाडे, चऱ्हाटं, सगळं घरचं. आबा आता 76 वर्षांचे आहेत. पंढरपूर, तुळजापूर, एकदा तिरुपती एवढा त्यांचा प्रवास. समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. निवडणुकीची ड्यूटी, निकाल, सगळं आटोपून आठवडाही झाला नव्हता तेव्हा बातमी वाचली. इटलीच्या नौदलाचं 'अमेरिगो वेस्पुची' हे शिडाचं जहाज जगाच्या फेरीवर आहे, 28 नोव्हेंबर ते 2 डिसेंबर ते मुंबई बंदरात थांबणार आहे आणि लोकांना आत जाऊन बघता येणार आहे. बातमीत जहाज कुठं बांधलं ते दिलं होतं : नेपल्सजवळचं कास्तेल्लामारे दि स्ताबिया. ते नाव वाचलं आणि मी पेपर हातातून खाली ठेवला.

कारण सांगते. आमच्या तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक इवलीशी स्त्रीमूर्ती आहे. अंगभर दागिने, कोरीव केशरचना. तशाच घडणीची एक मूर्ती 1938 साली इटलीत पाँपेईच्या उत्खननात सापडली, ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. अशीच एक आपल्या जालना जिल्ह्यात भोकरदनला मिळाली. अभ्यासक या तिघींना बहिणीच समजतात. पाँपेई इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गेलं, म्हणजे तिथली मूर्ती त्याआधीच समुद्र ओलांडून पोचलेली होती. त्याच राखेनं शेजारचं स्ताबिये हे गावही गाडलं. कास्तेल्लामारे दि स्ताबिया म्हणजे तेच. दोन हजार वर्षांपूर्वी दख्खनची हस्तिदंती बाई ज्या किनाऱ्याला लागली, तिथल्याच गोदीत बांधलेलं जहाज आता उलट वाटेनं आपल्याकडं आलं होतं. ते बघायला मी गेले नसते तर मला झोप लागली नसती.

दोन दिवसांची रजा टाकली. बरोबर आबा आणि आठवीतला माझा मुलगा. आईनं धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी बांधून दिली. ती स्वतः आली नाही. तूर फुलात होती आणि म्हैस कुणाच्या भरवशावर सोडायची, हा तिचा सवाल होता.

शनिवार, 30 नोव्हेंबर. मुंबई बंदर

सकाळी कल्याणला मावसबहिणीकडं उतरलो. जहाजावर जायची नावनोंदणी ऑनलाइन होती. आमची नावं तिच्या मुलानंच आधी जागून लावून ठेवली होती. मी घरून तीन वेळा प्रयत्न केला तेव्हा जागा भरलेल्याच दिसत होत्या.

दुपारी बंदराच्या फाटकापाशी रांगेत उभे राहिलो. ओळखपत्रं, पिशव्यांची तपासणी. आबांच्या पिशवीचा दोर सोडावा लागला. तो त्यांनी गुंडाळून खांद्यावर टाकला, शेतावर जाताना टाकतात तसा, आणि तसेच ते धक्क्यावर आले.

आधी दिसल्या त्या डोलकाठ्या. गोदामांच्या छपरांवरून तीन डोलकाठ्या वर गेलेल्या, मधली सर्वांत उंच, 54 मीटर. आमच्या गावातल्या कुठल्याही देवळाचं शिखर तिच्या अर्ध्यातही येणार नाही. मग वळण घेतलं आणि सगळं जहाज समोर. काळं अंग, त्यावर लांबच लांब दोन पांढरे पट्टे. जुन्या लढाऊ जहाजांवर तोफांचे मजले असत, त्यांची ती खूण. नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, सोनेरी नक्षी आणि तिच्याखाली अमेरिगो वेस्पुचीची सोनेरी मूर्ती. हा फ्लॉरेन्सचा दर्यावर्दी. अमेरिकेला नाव पडलं ते त्याच्यावरून. नाळेतून पुढं झेपावलेल्या काठीसकट जहाजाची लांबी 101 मीटर. 22 फेब्रुवारी 1931 ला ते पाण्यात उतरलं आणि आजही त्यावर लिव्होर्नोच्या नौदल अकादमीतली मुलं शिकतात. 1962 साली भूमध्य समुद्रात 'इंडिपेंडन्स' या अमेरिकन विमानवाहू जहाजानं दिव्यांच्या खुणांनी विचारलं, तुम्ही कोण? यांनी नाव कळवलं. उत्तर आलं, तुम्ही जगातलं सर्वांत सुंदर जहाज आहात. रांगेत उभं राहून मी हे मुलाला सांगत होते आणि आमच्या पुढची दोन कुटुंबंही मागं वळून ऐकत होती.

आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "एवढ्याला दोर किती लागत आसंल?"

मी वाचून आले होते : तीस किलोमीटरहून जास्त. तेर ते धाराशिव जाऊन आणखी पुढं. त्यांनी मान हलवली. एका माणसाला किती दिवस वळावं लागेल, याचा हिशेब ते मनात करत असणार.

वर गेलो. पायाखाली सागवानी फळ्या, घासून घासून फिकट झालेल्या. पितळ इतकं चकचकीत की त्यात मुलाचं तोंड दिसत होतं. शिडं 26 आहेत, जाड कापडाची, पण बंदरात ती आडव्या काठ्यांना गुंडाळून बांधलेली असतात. मला थोडी हुरहुर लागली. शिडं भरलेली बघायला मिळाली असती तर जन्माचं सार्थक झालं असतं. मागच्या बाजूला सुकाणू फिरवायची चार मोठी लाकडी चाकं एका ओळीत आहेत. खराब हवेत हातानं सुकाणू धरायचं झालं तर कित्येक जण एका वेळी त्यांना भिडतात. मुलगा तिथून हलेना. भिंतीवर जहाजाचं ब्रीद कोरलेलं आहे, लिओनार्दो दा विंचीच्या नावावर सांगतात ते : सुरुवात करतो तो नव्हे, नेटानं टिकतो तो.

आबा मात्र कठड्यापाशी थांबले होते. तिथं एका ओळीत खुंट्या होत्या आणि प्रत्येक खुंटीवर दोराचं वेटोळं, सगळी सारख्या मापाची. दोर पिवळसर, खरखरीत. या जहाजावर शिडांचे दोर आजही नैसर्गिक तंतूंचे वापरतात, नायलॉनचे नाहीत. आबांनी हात लावला नाही, नुसते वाकून बघत राहिले. तिथं उभा असलेला एक पोरगेला खलाशी हसून पुढं आला. आबांच्या खांद्यावरच्या दोराकडं बोट करून त्यानं काहीतरी विचारलं. इटालियन आम्हाला येत नव्हतं, पण विचारलं काय ते कळलं. आबांनी दोर काढून त्याच्या हातात दिला.

त्यानं तो बोटांत फिरवला, टोक उलगडलं आणि पेड मोजले. तीन. मग स्वतःच्या वेटोळ्यातलं टोक उलगडून आबांसमोर धरलं. तेही तीन पेडी. आबांनी त्या टोकाला नखानं हळूच दाबलं, पीळ कुठल्या अंगाला आहे ते बघितलं आणि हाताच्या खुणेनं दाखवलं : तुमचा असा, आमचा असा. पोरगा मोठ्यानं हसला आणि त्यानं लगेच एक गाठ मारून दाखवली. आबांनी ती सोडली आणि बैल बांधायची आपली गाठ मारली, ओढली की घट्ट, शेपूट खेचलं की मोकळी. त्यानं ती दोनदा करून बघितली. तिसऱ्यांदा त्याला जमली. मागून लोक पुढं सरका म्हणत होते, म्हणून आम्ही सरकलो.

उतरताना आबा म्हणाले, "सुंभ जळला तरी पीळ जात न्हाई म्हंत्यात. पर पीळ घालायला आधी हात लागत्यात." मग धक्क्याच्या कडेला जाऊन ते पाणी बघत उभे राहिले. त्यांचा हा पहिला समुद्र. काळपट, तेलकट, बंदरातला. त्यांनी वाकून नमस्कार केला.

रविवार, 1 डिसेंबर. नालासोपारा

बहिणीचा आग्रह होता की मुंबई दाखवते, पण मला सोपारा बघायचं होतं. कारण मंगळवारी कळेल.

नालासोपाऱ्यात इमारतींच्या गर्दीतून वाट काढत स्तूपापाशी गेलो. 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी तो उकरला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही इथलाच. जुन्या काळी हे शूर्पारक बंदर. स्तूपापाशी झाडं आणि शांतता आहे, समुद्र मात्र दिसत नाही. मुलगा म्हणाला, "आई, हे पण तेरसारखंच आहे." मला ते पटलं.

गेटवे राहिलं. त्याचं वाईट वाटलं नाही. रात्री कल्याणहून गाडी धरली.

सोमवार, 2 डिसेंबर. पैठण

पहाटे छत्रपती संभाजीनगरला उतरलो. सोमवारी अजिंठा बंद असतो, म्हणून आज पैठण. त्याच दिवशी वेस्पुची मुंबई सोडणार होती. एसटीत बसल्यावर मुलगा मोबाईलवर तिची पुढची बंदरं शोधत बसला.

नाथांच्या समाधीचं दर्शन घेतलं आणि घाटावर येऊन बसलो. गोदावरीला बरं पाणी होतं. तिथं मी आबांना पेरिप्लसचं सांगितलं. इ.स.च्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं समुद्री व्यापाराची एक माहितीपुस्तिका लिहिली. तीत आपली दोन गावं आहेत. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण. तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, फार मोठं नगर. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तगरहून भरड कापड, मलमल असा माल गाड्यांत भरून, रस्ते नसलेल्या मुलखातून, भडोचच्या बंदराला जातो. तगर म्हणजे आमचं तेर. वर्गात मी हे दरवर्षी शिकवते आणि दरवर्षी एखादं पोरगं विचारतं, बाई, त्याला कसं माहीत, तो इथं आला होता का?

आबांनी विचारलं ते वेगळंच. "पैठण आन् तेर, दहा दिस म्हंला का?"

"हो."

"भरली गाडी?"

"भरलेली."

ते बोटं मोजू लागले. भरल्या गाडीचा बैल दिवसाला सहा-सात कोस जातो, त्याहून जास्त चालवला तर चौथ्या दिवशी बसतो. वाटेत पाणी बघायचं, चारा बघायचा, दुपारी सोडायचा. सहा-सात कोस म्हणजे वीस किलोमीटर. तेरहून पैठण आजच्या रस्त्यानं दोनशे किलोमीटरच्या आसपास. दोनशेला वीसनं भागलं.

"बरोबर हाय त्येचं," आबा म्हणाले. "कुणीतरी गाडीवाल्यालाच इचारलं आसंल."

एवढी वर्षं मी हा उतारा शिकवते, पण त्यातला गाडीवाला मला कधी दिसला नव्हता. आता तो घाटावरच दिसला : पहाटे जू ठेवणारा, वंगणाची नळी गाडीला टांगलेली, मागं मलमलीचे गठ्ठे दोरांनी आवळलेले. तो दोरही कुणीतरी तेरच्याच ओसरीवर वळला असणार. भडोचला त्यानं जहाज बघितलं असेल आणि परत येऊन घरी सांगितलं असेल. आम्ही मराठवाड्याची माणसं दुष्काळाचं बोलतो, पाण्याच्या टँकरचं बोलतो, समुद्र म्हटलं की कोकणाकडं बोट दाखवतो. पण जहाजात चढणारा माल आमचा होता, आणि तो आमच्या माणसांनी तीस-तीस दिवस चालून पोचवला होता. हे माझ्या पोरांना कळायला हवं, अगदी मनापासून वाटतं.

संध्याकाळी नाथसागराच्या बांधाकडून फिरून परत आलो. आबा दमले होते, पण जेवताना दोनदा म्हणाले, "बरोबर हाय त्येचं."

मंगळवार, 3 डिसेंबर. अजिंठा

सकाळी लवकर निघालो. फर्दापूरच्या तिठ्यावर गाडी सोडून तिथल्या बसनं लेण्यांच्या पायथ्याशी. पायऱ्या बघून मी डोली करू म्हटलं. आबांनी ऐकलं नाही, काठी टेकत चढले. सुदैवानं आम्हाला हवं होतं ते दुसऱ्या लेण्यात, म्हणजे सुरुवातीलाच.

आत काळोख. डोळे सरावायला वेळ लागतो, तो द्यावा. बहुतेक लोक छताची नक्षी बघून पुढं जातात. आम्ही गाईडला म्हटलं, जहाज दाखवा. त्यानं मंद दिवा भिंतीवर धरला आणि बोट थांबवलं.

हे पूर्णाच्या गोष्टीचं चित्र. पूर्ण हा शूर्पारकचा व्यापारी, रविवारी आम्ही गेलो ते सोपारा. पुढं तो बुद्धाचा शिष्य झाला. त्याचा भाऊ चंदन आणायला समुद्रापार गेला असता यक्ष कोपला आणि जहाज संकटात सापडलं. भावानं पूर्णाचं नाव घेतलं आणि पूर्ण धावून आला. चित्रात ते जहाज आहे. पाचव्या शतकातलं. रंग उडालेत, कडा पुसट झाल्यात, पण तीन उभ्या डोलकाठ्या आणि तीन उंच आयताकृती शिडं स्पष्ट दिसतात. नाळेवर डोळा रंगवलेला. मागं वल्ह्यासारखं सुकाणू. एक माणूस हात जोडून उभा.

शनिवारी पाहिल्या त्याही तीन डोलकाठ्याच होत्या. मुलानं ते माझ्याआधी ओळखलं आणि माझा हात घट्ट धरला.

आबा जवळ जाऊन, पण दोरीच्या अलीकडंच थांबून, बघत होते. "त्ये मागं काय ठिवलंय?"

जहाजावर भांड्यांची ओळ होती.

"रांजण," त्यांनीच उत्तर दिलं. "पाण्याचं. समिंदराचं पानी कुठं पेता येतंय." तेर हे गोरोबाकाकांचं गाव. कुंभाराचं काम तिथल्या माणसाला लांबूनही ओळखू येतं.

समुद्रापासून इतक्या आत, वाघूर नदीच्या या कड्यात बसून कुणी चित्रकारानं डोलकाठी, शीड, सुकाणू, रांजण असं सगळं जागच्या जागी काढलं होतं. त्यानं तरी समुद्र पाहिला असेल, नाहीतर जहाजावरून आलेल्या माणसाला समोर बसवून एकेक वस्तू विचारून घेतली असेल. पहिल्या शक्यतेपेक्षा मला दुसरी जास्त आवडते.

बाकीची लेणी भराभर पाहिली. सतराव्या लेण्यातही जहाजं आहेत, सिंहलाच्या कथेत, पण तिथं गर्दी फार होती आणि आबांचे गुडघे बोलायला लागले होते. रात्रीच्या एसटीनं निघालो, पहाटे धाराशिव. तिथून तेर अर्ध्या तासावर. आई गोठ्यात होती. म्हणाली, "झालं का जहाज बगून?" आबांनी खांद्यावरचा दोर काढून परत खुंटीला लावला.

बुधवार, 14 जानेवारी 2026. तेर

हे टिपण वर्षभर वहीतच राहिलं होतं. आज संक्रांत. तिळगूळ द्यायला माहेरी आले आणि मोबाईलवर बातमी दिसली : आपल्या नौदलाचं 'कौंडिण्य' हे शिडाचं जहाज मस्कतला पोचलं.

हे जहाज त्या अजिंठ्याच्या जहाजावरून बांधलं आहे. आराखडे कुठंच उरले नव्हते, हाती होतं ते भिंतीवरचं चित्र. त्यावरून आकार ठरवला, आयआयटी मद्रासमध्ये तो तपासला, गोव्यात केरळच्या कारागिरांनी बांधलं. मे 2025 मध्ये कारवारला ते नौदलात आलं आणि 29 डिसेंबरला पोरबंदरहून निघालं. चौकोनी शिडं, वल्ह्याचं सुकाणू. आणि फळ्यांना खिळा नाही. काथ्याच्या दोरानं त्या एकमेकींना शिवलेल्या आहेत. हे मी वाचून दाखवलं तेव्हा आबा ओसरीवरून उठून आत आले.

"दोरानं शिवल्यात?"

व्हिडिओ लावला. कारागीर दोघं मिळून दोर ओढताहेत, फळीच्या आतल्या बाजूला काथ्याची जाड वळी, तिच्यावरून टाके आडवे-तिरपे गेलेले. आबांनी थांबव म्हणून सांगितलं. बोटानं चित्र मोठं कसं करायचं ते माझ्या मुलानं त्यांना दाखवलं. ते बराच वेळ टाके मोजत होते. मग खुंटीवरचा दोर काढून आणला, मोबाईलशेजारी धरला आणि त्याचं टोक उलगडलं.

"काथ्या भिजला की फुगतोय," ते म्हणाले. "मंजी टाका आजूनच घट्ट. भोकं कुठं पाडल्यात त्ये दाव आता."

मुलगा व्हिडिओ मागं नेत होता. आई तिळगुळाचं ताट घेऊन दारात उभी होती आणि तीही वाकून बघायला लागली.